लहानशी बाब

मी एक जुनी लोखंडी झडप आहे. आखाती अरब मुलखातल्या रुमैथिया वस्तीत, एका बैठ्या घराच्या जोत्यात, जमिनीपासून वीतभर वर मला बसवलं आहे. माझं आयुष्य सांगण्याजोगं आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण मित्रांनो, ज्या पत्रामुळे मी इथे आले, ते मला अजून आठवतं. कितीतरी आठवडे त्याला उत्तरच गेलं नव्हतं.

पत्र वेंगुर्ल्याहून आलं होतं, शामलाआक्काचं. आईमागे धाकट्या भावाला, पुंडलिकला, तिनंच वाढवलं. तो इथल्या इस्पितळात एक्स-रे काढायचा, त्याची बायको कुसुम तिथेच नर्स. आक्कानं विचारलं होतं, "तुझं घर एकदा डोळ्यांनी बघावं म्हणते. येऊ का?"

पुंडलिक उत्तर लिहायला बसे आणि उठे. घराखालच्या पोकळीत कुठेतरी नळ गळत होता. फरशीला घाम फुटल्यासारखी ओल, भिंतींवर बुरशी आणि कुबट वास. आक्काला तर दमा! तिला इथे आणायचं कसं? आणि येऊ नकोस म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

घरमालक अबू फहद येऊन बघून गेला होता. जोत्याकडे बोट दाखवून तो "बाब सगीर" म्हणाला आणि गाडीत बसला. सगीर म्हणजे लहान, हे पुंडलिकला ठाऊक होतं. बाब तर आपलाच शब्द! आपल्या जिवाला घोर आणि मालकाला ही लहानशी बाब वाटते, म्हणून तो खट्टू झाला. स्वभाव भिडस्त, त्यानं पुन्हा विचारलं नाही. राजापूरकडच्या बदरुद्दीन गवंड्यालाही तो एवढंच म्हणाला, "मालकाच्या मते बाब लहान आहे." बदरुद्दीननं फरशीच्या सांधी सिमेंटनं बुजवल्या. ओल पुन्हा वर आली, तेव्हा त्याला परत बोलावलं.

पुढचं भांडण कुसुमबाई येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत, म्हणून मला पाठ आहे.

"अहो, मालक नेमकं काय म्हणाला? त्याच्याच शब्दांत सांगा."

"बाब सगीर."

"अगं बाई! वॉर्डात पेशंट दिवसभर 'बाब, बाब' ओरडतात, दार लावून घे म्हणून. तो खाली शिरायला जोत्यात छोटं दार पाडायला सांगतोय!"

बदरुद्दीननं कपाळावर हात मारला. "इतकी वर्सा अरबांची दारा बसवतंय मी! पन भाऊ, तुमी मराठीत सांगितलात, मी मराठीतच समजलो."

"आता दोघंही जरा मराठी कमी बोला," कुसुमबाई म्हणाल्या, "आणि भिंत फोडा."

मी तेव्हा अम्गऱ्याच्या भंगार बाजारात पडून होते, एका ट्रकचा मागचा मोडका फाळका म्हणून. बदरुद्दीननं मला कापलं, कब्जे जोडले, रंग दिला. त्यानं भिंतीत आधी वर भार पेलायला लिंटलची आडवी तुळई घातली आणि ती पक्की झाल्यावर खालचे ब्लॉक एकेक करून काढले. घाई केली असती तर भिंत खचली असती. मग तो पालथा होऊन आत सरपटत गेला आणि गळका सांधा बदलून मातीनं माखलेला बाहेर आला. "वहिनी, चाय टाका! तुमचा सारा पानी वाळूनं प्यायलान."

तरी पुंडलिकला स्वस्थता नव्हती. कामावर जाताना तो मला उघडी, आल्यावर पुन्हा उघडी. आत हात घाली, मूठभर वाळू दाबून बघे. ती ओलसर, लाडवासारखी वळली की मला आपटून निघून जाई. मीही अस्वस्थ असे. गरम वारा सुटला की कब्ज्यांत खडखडे. वाटे, आपण भिंतीला उगीच पाडलेलं भोक तर ठरणार नाही ना?

आज माझ्यापुढे कुंड्या रचल्या आहेत. कब्जे गंजले आहेत. मला कुणी उघडत नाही. आत काय चाललं आहे, या काळजीनं मी अजून खडखडते. मित्रांनो, घराचं दुखणं पायाशी सुरू होतं. तिथवर जायची वाट बुजवू नका. वर्षातून एकदा तरी वाकून आत बघा, कब्ज्यांना तेल घाला.

पण दुरुस्तीनंतरच्या त्या दिवसांत एकदा पुंडलिकनं अशीच मूठ भरली. वाळू वळली नाही. बोटांच्या फटींतून ती सुळकन गळून गेली. तो मला उघडीच टाकून धावत घरात गेला आणि लगेच पाकीट घेऊन बाहेर पडला. परतला तेव्हा कुसुमबाई दारातच उभ्या होत्या.

"पत्र टाकलंत?"

"टाकलं."

"काय लिहिलंत एवढ्यात?"

"आक्का, ये."

मग त्यानं खाली वाकून मला हलकेच लावून घेतलं.