वॉर्डातले बुटके स्टूल

मित्रांनो, माझ्यावर बसणार असाल तर जरा बेताने बसा, कारण माझा मागचा पाय डुगडुगतो. मी एक जुने, बुटके, लाकडी स्टूल आहे. सामोआच्या सवाईई बेटावर एक लहानसे रुग्णालय आहे, तिथल्या बायकांच्या वॉर्डात माझा मुक्काम असतो.

माझा जन्म इओसुआ सुताराच्या अंगणात झाला. वादळात पडलेल्या नीरफणसाचे लाकूड त्याने जपून ठेवले होते. त्याची बायको या वॉर्डात बाळंत झाली, आई आणि बाळ सुखरूप घरी गेले, म्हणून त्याने मला घडवून इथे भेट दिले. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. "किती गुळगुळीत केलंय!" असे म्हणत परिचारिका माझ्यावरून हात फिरवायच्या. पण मी पडलो बुटका. माझ्यावर बसले की माणूस खाटेवरच्या रुग्णापेक्षाही खाली जातो. रुबाबदार माणसांना ते कसे आवडावे? हळूहळू मी कोपऱ्यात सरकलो आणि एक दिवस फरशी पुसायची ओली बादली माझ्या डोक्यावर आली. माझा मागचा पाय तेव्हाच कुजू लागला. रक्तदाब मोजायच्या यंत्राला मात्र रोज मऊ फडक्याने पुसत असत. खरे सांगतो, मला त्याचा हेवा वाटे.

अशातच मातालेना आजी वॉर्डात आल्या. पांढऱ्या रविवारी गावातली मुले पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठांतर म्हणतात. ते सगळे बसवून घ्यायचे काम आजींचे. आता त्यांच्या पायाला जखम झाली होती आणि रक्तातली साखर काही केल्या उतरत नव्हती.

त्यांना तपासणारे डॉक्टर पेनिआमिना त्यांच्याच गावचे. मनाने चांगले, कामात हुशार. घरी बसलेल्या वडीलधाऱ्यांशी ते कधी उभ्याने बोलले नसते, आईने कानच पिळला असता. आमच्याकडे आधी खाली बसायचे, मग बोलायचे. पण पांढरा कोट अंगात चढला की ही सवय कोण जाणे कुठे जायची.

"गोळ्या रोज घेता ना, आजी?" त्यांनी खाटेशी उभ्याउभ्याच विचारले.

आजींनी भुवया उंचावल्या. आमच्या बेटावर भुवया उंचावल्या की होकार समजतात.

"सांगितल्यात तेवढ्या सगळ्या?"

पुन्हा भुवया वर.

मग साखर उतरत का नाही? डॉक्टर कित्येक महिने गोळ्या वाढवत आले होते. आता वॉर्डात सिस्टर तैमाने यांनी त्या सगळ्या गोळ्या आजींना स्वतःच्या हाताने दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि त्यांची शुद्धच हरपली. धावपळ करून सलाईनमधून साखर दिली, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

"घरी याच गोळ्यांनी साखर हलत नाही आणि इथे एकदम तळाला जाते. असं कसं?" डॉक्टर चक्रावून गेले. भीतीपोटी त्यांनी गोळ्या अगदी कमी केल्या, तर साखर पुन्हा चढली आणि जखम काळी पडू लागली. शेवटी ते आजींसमोर उभे राहून म्हणाले, "आजी, आता इलाज नाही. पाय घोट्यापासून काढावा लागेल. अपियाच्या मोठ्या रुग्णालयात पाठवतो. चालेल ना?"

आजींनी याही वेळी भुवया उंचावल्या. डॉक्टर गेल्यावर मात्र चादर तोंडावर ओढून त्या रडल्या. मी बादलीखालून पाहत होतो. मला फार वाईट वाटले.

शनिवारी गावात किलिकिटीचा सामना झाला. किलिकिटी म्हणजे आमचे क्रिकेट, त्यात सगळे गाव उतरते. डॉक्टर झेल घ्यायला धावले आणि त्यांचा पाय मुरगळला. सोमवारी ते लंगडतच वॉर्डात आले.

"झेल तरी घेतलात का, डॉक्टर?" सिस्टरांनी विचारले.

"कसला घेतोय! चेंडूही गेला आणि पायही गेला."

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरांना उभे राहवेना, जवळपास खुर्चीही नव्हती. सिस्टरांनी बादली उतरवली, मला खसाखसा पुसले आणि आजींच्या खाटेशी सरकवले. डॉक्टर बसले. त्यांचे डोके आजींच्या खांद्याखाली आले. आजींनी वाकून त्यांच्या पायाकडे पाहिले.

"फार सुजलाय रे, पोरा."

"हो ना आजी, ठणकतोय."

"लहानपणापासून तू धांदरटच. चर्चमध्ये पाठांतर अर्ध्यात विसरलास आणि भोकाड पसरलंस. मागून कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्हीच," डॉक्टर लाजून म्हणाले. मग त्यांनी विचारले, "आजी, घरी गोळ्या कशा घेता, ते सांगा ना मला."

"घेते म्हणजे, निम्म्या सिलिपाला देते."

सिलिपा ही आजींची धाकटी बहीण. खाली चटईवर बसली होती, तिने मान खाली घातली.

"तिलाही साखरेचाच आजार आहे," आजी म्हणाल्या. "गुडघे धरलेत, गोळ्यांसाठी दर महिन्याला इथवर येववत नाही तिला. या वेळी माझ्यासाठी आली कशीबशी. उरलेल्यातल्या काही शेजारच्या म्हाताऱ्याला देते. घरात मासा आला तर आपण वाटतो, अळूचे कंद आले तर वाटतो. मग गोळ्या तेवढ्या मी एकटीनं गिळू?"

"पण मला सांगितलं का नाही?"

"तू उभा होतास रे. उभा माणूस घाईत असतो. हो म्हटलं की सुटतो बिचारा."

डॉक्टर माझ्यावर बसल्याबसल्याच पुढे सरकले. मग आजींचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचं नाही चुकलं, आजी. मी आधी बसायला हवं होतं."

त्यानंतर गोळ्यांचे प्रमाण नीट बसवले गेले आणि साखर ताळ्यावर आली. सिलिपा आजींना आणि शेजारच्या म्हाताऱ्यालाही तपासून त्यांच्या त्यांच्या गोळ्या मिळाल्या. अपियाच्या डॉक्टरांनी मातालेना आजींच्या पायाचे एक बोट काढले, पण पाय वाचला. पांढऱ्या रविवारी त्या चर्चमध्ये मुलांच्या मागे उभ्या होत्या, असे सिस्टरांनी वॉर्डात सांगितले, तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू!

पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून इओसुआ सुताराने प्रत्येक खाटेसाठी माझ्यासारखे एकेक भावंड घडवले. बेटावरच्या इतर दवाखान्यांतही ती गेली. आता बायका बसलेल्या डॉक्टरांना काय काय सांगतात! कुणाला गोळी गिळता येत नाही, कुणाला चिठ्ठीवरचे वाचता येत नाही. पूर्वी या सगळ्यांच्या नुसत्या भुवया वर जायच्या.

आज सिलिपा आजी खाटेवर आहेत. अपियाहून नवा तरुण डॉक्टर आला आहे. त्याने उभ्यानेच विचारले, "गोळ्या घेता ना?" सिलिपा आजींच्या भुवया वर चढू लागल्या, तोच भेटीला आलेल्या मातालेना आजींनी काठीने मला पुढे ढकलले.

"भुवया खाली घे गं आधी! आणि तू बस, पोरा. बसून विचार."

म्हणून मित्रांनो, एवढीच विनवणी आहे. कुठल्या दवाखान्यात माझ्यासारखे बुटके स्टूल दिसले तर त्यावर बादली ठेवू नका. आणि माझ्या डुगडुगत्या पायात कुणीतरी एक खिळा ठोकून द्या. पण आत्ता लगेच नको. डॉक्टर माझ्यावर बसला आहे, आणि सिलिपा आजी म्हणताहेत, "खरं सांगू का, बाळा?"