टेकडीवरचे भाडेकरू

सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. स्वयंपाकघर, फाटक, पुन्हा स्वयंपाकघर. दूध उतू गेलं तरी शुद्ध नाही. शिकारी आज परत येणार होता आणि त्याला आत येऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

"अगं, बस की जरा," नवरा म्हणाला. "नुसती भिंगरी झालीय तुझी."

"त्याला फोन करून नको म्हणा, मग बसते."

तो मेंढ्यांकडे निघून गेला. लांडग्यांनी फाडलेली कोकरं त्याचीही होती, भांडायचं तरी किती?

आमच्या कुरणाच्या टेकडीवर लांडग्यांची एक जोडी वर्षानुवर्षं राहत होती. माझे सासरे त्यांना भाडेकरू म्हणायचे. "भाडं वेळेवर देतात हो! ससे खातात, मेंढीला तोंड लावत नाहीत, आणि बाहेरच्या लांडग्याला हद्दीत पाऊल टाकू देत नाहीत. असे भाडेकरू शहरात शोधून दाखवा."

गेल्या वर्षी लांडग्यांनी शेजाऱ्यांची वासरं नेली, तेव्हा सगळ्यांनी मिळून शिकारी बोलावला. अंगणात चहा पिताना मामंजींनी त्याला बजावलं, "बाकीचे मारा. टेकडीवरच्या भाडेकरूंना मात्र हात लावायचा नाही."

"आजोबा, माणसांवर कशाला बंदूक चालवीन मी?"

आम्ही खो खो हसलो. काय पण गमत्या माणूस, असं मलाही वाटलं.

संध्याकाळी त्याने पहिली दोन कातडी आणून टाकली, ती त्यांचीच. मादीचा अर्धा कान तुटलेला होता, ओळखायला वेळ लागला नाही. मामंजी उठून आत गेले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवऱ्याने डोळ्यांनी दटावलं. झालं ते झालं. शिकाऱ्याला कोणी काही बोललंच नाही.

मग सशांचं राज्य आलं. गवत मुळापर्यंत कुरतडलं, उन्हाळ्याआधीच टेकडी उघडी पडली. आणि घर रिकामं बघून बाहेरचे लांडगे घुसले. तरणे, आगाऊ, ना कोणाचा धाक ना शिस्त. थेट मेंढ्यांच्या वाड्यात! कोकरं फाडली आणि अर्धी तशीच टाकून गेले. भीक नको पण कुत्रा आवर, अशी आमची गत झाली.

पण काल टेकडीवर एक नवी जोडी दिसली. मेंढ्यांच्या शेजारून गेली आणि सशामागे धावली. मी श्वास रोखून बघत होते. ही टिकली तर आम्ही टिकलो. मारली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दुपारी जीप फाटकाशी थांबली. शिकारी खांद्याला बंदूक अडकवून हसत उतरला. मी कडीवरचा हात काढला नाही.

"आजोबा बरे आहेत ना? अहो वहिनी, त्यांचे ते भाडेकरू राहतात तरी कुठे? मागच्या खेपेस अख्खी टेकडी पालथी घातली, घर काही दिसलं नाही. यंदा आधीच सांगून ठेवतो त्यांना, बाहेर पडू नका म्हणून."

वर्षभर या माणसाला शिव्या घातल्या होत्या मी!

"दादा," मी म्हटलं, "ती लांडग्यांची जोडी. तेच भाडेकरू."

तो फाटकाला टेकून खाली मातीत बसला.

"अहो, मग मला कोणी सांगितलं का नाही?"

आतून मामंजींचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

शिकारी उठला. बंदूक जीपच्या मागच्या सीटवर ठेवली, कपडे झटकले.

"पत्ता चुकला होता, म्हणावं," तो हळूच म्हणाला.