मागच्या सीटवरची जागा

फ्रेमवाल्याने कोंबड्याला कामाच्या टेबलावर उभं केलं, भिंतीशी सरकवलं आणि तुऱ्याच्या टोकाशी पेन्सिलीने भिंतीवर खूण केली. मग शेपटीच्या सर्वांत उंच पिसाशी दुसरी. ती पहिलीच्याही बरीच वर गेली. त्याने वैतागून पेन्सिल कानामागे खोचली.

"वाढव अजून. तुझ्या बापाचं काय जातंय."

कोंबडा ढिम्म. माप ताठ उभ्या कोंबड्याचंच घ्यायचं असतं. काखेत धरलेला कोंबडा अंग चोरतो आणि खोटं माप देतो. पांढराशुभ्र गडी होता. शेपटीची दोन लांब पिसं कमानीसारखी वळून मागे उतरत. मागच्या वर्षी प्रदर्शनात याच शेपटीने पहिला नंबर मारला आणि पेपरात फोटो आला. फोटोत अख्खा कोंबडा आणि फ्रेमवाल्याचे मनगटापर्यंतचे दोन हात. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो चौकटीत नीट बसवले, लग्नातले, मेलेल्या आईबापांचे, कुणाचा कान कापला जाऊ दिला नाही. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा मुंडकंच गायब.

जुनी पेटी वाळवीने खाल्ली होती. नवी करायला तो राजीखुशीने बसला असता. पण सकाळी कंपाउंडर येऊन गेला आणि सगळा घोळ झाला.

कंपाउंडर म्हणजे दवाखान्यात जन्म घालवून निवृत्त झालेला, कोंबड्या पाळणारा आणि गाडी असलेला. दरवर्षी प्रदर्शनाला तो, टेलर आणि फ्रेमवाला त्याच्या गाडीतून जात; पेट्या डिकीत, माणसं सीटवर. यंदा त्याच्या पोराने गाडीला गॅस बसवून घेतला होता. डिकीत टाकी. पेट्या आल्या मागच्या सीटवर. कंपाउंडरचा एक क्रेट, टेलरचं एक खोकं, आणि मग जी उरेल ती जागा.

"तू ये, नाहीतर पेटी पाठव," कंपाउंडर म्हणाला होता. "पेटीच पाठव म्हणतो मी. आम्ही मांडतो की त्याला व्यवस्थित. तू कुठे दिवसभर ताटकळत बसतोस."

तो हे प्रेमाने म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, शिवीला उत्तर देता येतं. फ्रेमवाल्याने टेप काढला, गाडीचं मागचं दार उघडून उरणारी जागा मोजली. कंपाउंडर तोवर स्टीअरिंगवर बोटं वाजवत होता.

बसने जाता आलं असतं. पण बस पोचते तेव्हा तिथले लोक खुर्च्या उचलायला लागलेले असतात.

आता त्याने पुठ्ठ्याचं एक बुटकं खोकं आणलं, मांडीवर घेता येईल असं, आणि कोंबड्याला त्यात बसवून पाहिलं. एकदा सरळ, एकदा तिरपं. शेपटी झाकणाला लागली आणि पिसाची कमान कोपऱ्यात दुमडायला लागली. त्याने ताबडतोब कोंबड्याला बाहेर घेतलं, डोकं आधी, शेपूट शेवटी, आणि पीस बोटांमधून हळूच ओढून सरळ केलं. मोडलं नव्हतं. खोकं त्याने लाथेने उडवलं.

प्रदर्शनाचं वेड त्याला कपासाठी होतं असं सगळ्यांना वाटे. कपात त्याने खिळे ठेवले होते. त्याला हवा होता तो दिवस. दुकान बंद झालं होतं, बायको आधीच गेली होती, आणि घरात दोन दोन दिवस कुणाशी शब्द होत नसे. त्या एका दिवशी मात्र हॉलमध्ये पिंजऱ्यासमोर माणसं थांबत. काय खायला घालता, कसं धुता, धुतल्यावर कशाने वाळवता. तो सगळ्यांना सगळं सांगे, न विचारलेलंही सांगे. परत येईपर्यंत घसा बसलेला असे. तो बसलेला घसा पुढे काही दिवस टिके आणि तो मुद्दाम औषध घेत नसे.

तरी त्याने पेटी करायला घेतली. हाताला वाईट काम जमत नाही, ही काही लोकांची शिक्षाच असते.

हलकं प्लायवूड कापलं. तुऱ्याच्या वर चार बोटं मोकळी, शेपटीच्या मागे चार. रुंदी इतकीच की कोंबड्याला वळता यावं, पण गाडीने ब्रेक मारला तर आपटता येऊ नये. हवेची भोकं गिरमिटाने वरच्या अंगाला पाडली, डोळ्यांच्या रेषेच्या वर. खाली पाडली तर बाहेर बघण्याच्या नादात कोंबडा तुरा घासून घेतो. आतून प्रत्येक कड पॉलिश पेपरने घासली आणि त्यावरून तळहात फिरवला, सावकाश, सगळीकडून. दार पुढून न करता वरून केलं. तळाला पांढऱ्या लाकडाची सालपटं अंथरली. तांबड्या लाकडाची चालत नाहीत, ओल लागली की पिसांना रंग चढतो. टेलर अजून फळांच्या खोक्यातून कोंबडा नेतो आणि दरवर्षी दुसऱ्या नंबरावर राहतो.

काम चालू असताना तो मजेत होता. खोटं कशाला सांगायचं, शीळही घालत होता.

कोंबडा आत सोडला. तो एकदा वळला, सालपटं नखांनी उकरली आणि बसला. फ्रेमवाल्याने पेटीच्या बाहेरून टेप लावला. गाडीतली उरलेली जागा आणि पेटी, दोन्ही अगदी बरोब्बर. बाजूला नखभर फट उरत नव्हती. शीळ थांबली.

दिवेलागणीला मुलीचा फोन आला. ती दर रविवारी करते. दूर असते, नोकरी, पोरं, तिचंही काही चुकत नाही.

"बाबा, कोंबडा काय म्हणतोय?"

मजेत आहे म्हणाला. उद्या प्रदर्शन आहे म्हणाला.

"अरे वा, म्हणजे यंदाही नंबर. फोटो पाठवा हं त्याचा."

पाठवतो म्हणाला. पलीकडे कुणीतरी रडलं आणि ती गडबडीने गेली. फ्रेमवाल्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. मग खाली वाकून प्लायवूडचा उरलेला तुकडा उचलला आणि टेप स्वतःच्या मांड्यांवर आडवा धरला.

सकाळी गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता. हातात एक छोटी पेटी. आत तांबडी कोंबडी, अंड्यांसाठी पाळलेली, एक बोट वाकडं, शेपटी म्हणावी तर आहे, म्हणावी तर नाही अशी. मागे अंगणातल्या पिंजऱ्यात पांढरा कोंबडा दिवसभराचं दाणापाणी समोर असून आरवत होता.

कंपाउंडर खाली उतरला. त्याने पेटीच्या भोकांतून आत बघितलं, मग फ्रेमवाल्याकडे.

"हे काय? कोंबडा कुठाय?"

"तो नाही येत. मी येतो."

कंपाउंडरने बरंच ऐकवलं. वर्षभराची मेहनत, पहिला नंबर हातचा जातोय, लोक काय म्हणतील, ही कोंबडी मांडायला लाज वाटत नाही का, अजून वेळ आहे, जा घेऊन ये त्याला. फ्रेमवाला मागचं दार उघडून बसलाही होता. पेटी मांडीवर घेतली. एका बाजूला क्रेट, एका बाजूला फळांचं खोकं. मध्ये तो चपखल बसला.

गाडी निघाली. कंपाउंडर गाल फुगवून गिअर बदलत होता, एकेक गिअर जणू फ्रेमवाल्याच्या डोक्यात घालत होता. गाव मागे पडलं तरी कुणी बोललं नाही. फ्रेमवाल्याला वाटलं, झालं, आता जाऊन येऊन असंच. तिथेही लोक पिंजऱ्यासमोर येतील, कोंबडा कुठाय विचारतील आणि पुढच्या पिंजऱ्याकडे जातील. हे काल त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने पेटीवर दोन्ही हात ठेवले.

पुढच्या सीटवर टेलर मघापासून चुळबुळ करत होता. मागे वळून त्याने आधी स्वतःच्या खोक्याकडे नजर टाकली. त्याचा चेहरा नव्या नवऱ्यासारखा खुलला होता. खांद्यावरचा पट्टा सैल करून तो पुरता मागे वळला.

"काय रे, एकटा काय करतोस दिवसभर?"

इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. आज का विचारतोय, ते न कळण्याइतका फ्रेमवाला खुळा नव्हता. त्याने टेलरच्या खुललेल्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतलं.

"सकाळी लवकर उठतो," तो म्हणाला, आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागला.