ठेवलेलं नाव

डब्यांची झाकणं करणाऱ्या त्या कारखान्यात टायपिस्ट बाईंकडे गोष्टी लिहायचं काम आलं ते अगदी सहज. मॅनेजरसाहेबांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं, की बाई लग्नाआधी मुलांच्या मासिकात लिहायच्या. मासिक केव्हाच बंद पडलं होतं, पण बाईंचे हात अजून शिवशिवत. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"कॅन्टीनच्या दाराशी फळा आहे ना, तिथे दर आठवड्याला एक छोटीशी गोष्ट लावायची. सुरक्षिततेवर. उपदेश नको, तो कुणी वाचत नाही. गंमत पाहिजे."

बाई त्या दिवशी घरी आल्या त्या जणू हवेत चालतच. नवरा लांबच्या ट्रकवर असायचा, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. त्यामुळे संध्याकाळी घरात दोघंच, बाई आणि त्यांचा धाकटा दीर. दीर त्याच कारखान्यात प्रेसवर होता. बाईंनी त्याला खोदून खोदून विचारलं, की प्रेसवर हात जातो तो नेमका कसा.

"पत्रा आत सरकवायचा, पायडल दाबायचं, वरचा ठोकळा खाली येतो आणि झाकण कापून निघतं," दीर म्हणाला. "समोर लोखंडी जाळी असते. ती खाली बसल्याशिवाय ठोकळा सुटतच नाही. म्हणजे असायची. मुकादमानं काढून ठेवलीय."

"का हो भावजी?"

"जाळी वर-खाली होण्यात वेळ जातो. माल कमी निघतो."

पहिली गोष्ट बाईंनी तशीच लिहिली. एक कामगार, जाळी काढलेली प्रेस, आणि गेलेलं बोट. साहेबांनी ती वाचली आणि कागद टेबलावर पालथा ठेवला.

"हात चांगला आहे तुमचा. पण ते जाळीचं कशाला? यंत्राची गोष्ट कोण वाचणार? माणसाची लिहा. आणि हा 'एक कामगार' म्हणजे कोण? त्याला नाव द्या. नुसतं नाव ऐकलं की माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला पाहिजे."

वाईट हे, की शेवटचं बोलणं बाईंना पटलं. त्यांचं स्वतःचंही मत तेच होतं. नाव सापडलं की निम्मी गोष्ट लिहून झाली, असं त्या नेहमी म्हणायच्या. जाळीचं वाक्य त्यांनी खोडलं. खोडताना आत काहीतरी खटकलं, नाही असं नाही, पण नाव शोधायच्या नादात ते खटकणं मागे पडलं.

खरं नाव चालणार नव्हतं. कुठलंही घ्यावं तर त्या नावाचा कुणी ना कुणी खात्यात निघायचाच, आणि मग त्याची खैर नव्हती. नाव मनानंच रचायला हवं होतं. बाई भाजी चिरता चिरता एकेक नाव मोठ्यानं म्हणून बघत आणि दीर मोडीत काढी. घाईराव? तोंडात बसत नाही. धांदलचंद? हा तर दुकानदार वाटतो, गल्ल्यावर बसलेला. विसरभोळे? छे, हा बिचारा म्हातारा, याची दयाच येईल. बाईंनाही ते पटायचं. नाव असं हवं, की हसू यावं, पण कीव येऊ नये.

"गाफीलराव," बाई एकदम म्हणाल्या. सुरी हातातच राहिली. पुन्हा एकदा हळूच म्हणून पाहिलं. "गाफीलराव."

दीर पाणी पिता पिता थांबला. "वहिनी, याला मी ओळखतो. हा आमच्या खात्यात आहे."

"कोण?"

"कोणी नाही. सगळेच."

दोघं पोट धरून हसले. बाईंना तितकं हसू बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

गोष्टीबरोबर बाईंनी चित्रही काढलं. तोंड उघडं, कानावर पेन्सिल, शर्टाची बटणं एकाखाली एक चुकलेली. गाफीलराव प्रेसवर काम करताना खिडकीबाहेर बघतो आणि बोट घालवून बसतो. पुढच्या आठवड्यात तो ओल्या हातानं बटण दाबतो. त्यापुढच्या आठवड्यात शिडी न धरता वर चढतो. फळ्यासमोर गर्दी व्हायला लागली. कुणी डबा घरी विसरला की तो त्या दिवसापुरता गाफीलराव. एकदा तर मुकादम स्वतःचा चष्मा डोक्यावर ठेवून खातंभर शोधत फिरला, तेव्हा मागून कुणीतरी हळूच तेच नाव घेतलं आणि अख्खं खातं फिदीफिदी हसलं.

सगळ्यांत जास्त हसायचे ते मास्तर. प्रेस खात्यातला तो सगळ्यांत जुना माणूस. नवा कुणीही आला की मास्तर त्याला आधी हात कुठे ठेवायचे ते शिकवत, मग पाय कुठे ठेवायचा ते. बाईंच्या दिरालाही त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून तर ते मास्तर. एकदा जिन्यात बाई भेटल्या तेव्हा त्यांनी थांबून सांगितलं, "बाई, नाव अगदी मापात बसलंय. शिंप्यानं बेतल्यासारखं."

बाईंना ते साहेबांच्या शाबासकीपेक्षा गोड वाटलं.

उन्हाळ्यात मोठी ऑर्डर आली आणि दोन दोन पाळ्या सुरू झाल्या. मास्तरांच्या प्रेसची स्प्रिंग ढिली झाली होती. पायडल एकदा दाबलं तरी ठोकळा कधीकधी दुसऱ्यांदा खाली यायचा. मास्तरांनी मुकादमाला सांगितलं, मुकादम म्हणाला, ऑर्डर निघू द्या, मग बघू. त्या दिवशी भर दुपारी मास्तरांनी कापलेलं झाकण काढायला उजवा हात आत घातला आणि ठोकळा आपणहून खाली आला. अंगठा वाचला. बाकीची चार बोटं गेली.

दिरानं स्वतःचा शर्ट काढून हात बांधला आणि मास्तरांना कंपनीच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. घरी आला तो उंबऱ्यातच बसला. बाईंनी पाणी आणून दिलं, ते त्यानं बाजूला ठेवलं.

"त्या प्रेसवर जाळी असती तर?" बाईंनी विचारलं.

"तर काय. हात वाचला असता, फार तर झाकण वाकडं निघालं असतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "मास्तरचा गाफीलराव झाला." कोण म्हणालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मनात वाईट असं काही नसावं. सगळे घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला एवढंच हवं असतं, की जे झालं ते बेसावध माणसाला झालं, आपल्याला होणार नाही. पण जिभेला हाड नसतं. आठवडा उलटायच्या आत ते नाव प्रेस खात्यातून पॅकिंगमध्ये, तिथून कामगारांच्या वस्तीत आणि वस्तीतून शाळेत पोचलं. मास्तरांची मुलगी शाळेतून रडत घरी आली.

चौकशीला मुख्य कचेरीतून एक अधिकारी आला. तो यायच्या आदल्या दिवशी सगळ्या प्रेसवर जाळ्या परत लागल्या, वर पिवळा रंगही चढला. साहेबांनी बाईंकडून फळ्यावरच्या सगळ्या गोष्टी टाईप करून घेतल्या. कशाला ते सांगितलं नाही. बाईंना ते चौकशीच्या खोलीत बोलावणं आल्यावर कळलं.

"या गोष्टी तुम्हीच लिहिल्या?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"हो."

"जखमी कामगार त्या वाचत होता?"

"हो. दर आठवड्याला."

"म्हणजे यंत्रावर बेसावध राहिलं की काय होतं, हे त्याला माहीत होतं."

शेजारी साहेब बसले होते. तरी त्या बोलल्या, "पहिल्या गोष्टीत जाळी होती. जाळी नाही म्हणून बोट जातं, असं मी लिहिलं होतं. ते मला काढायला लावलं."

"ती गोष्ट फळ्यावर लागली होती?"

"नाही."

"मग कामगारानं ती वाचलेली नाही."

"नाही, पण..."

"मग तिचा इथे संबंध नाही. या तुम्ही."

दिरानंही जाळीचं आणि स्प्रिंगचं सगळं सांगितलं होतं. तो मास्तरांचा चेला, म्हणून त्याचं सांगणं बाजूला पडलं. निकाल लागला, की अपघात कामगाराच्या गाफीलपणामुळे झाला. बाईंनी तो निकाल स्वतःच्याच मशीनवर टाईप केला. त्या शब्दाशी त्यांची बोटं अडखळली. इतके शब्द असताना त्या लोकांना तोच सापडला होता.

त्या संध्याकाळी दीर जेवता जेवता म्हणाला, "वहिनी, प्रेसवरची जाळी मुकादमानं काढली."

"हो."

"आणि गोष्टीतली?"

बाईंनी त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. ताट अर्धं ठेवून तो उठला.

रविवारी बाई मास्तरांच्या घरी गेल्या. दार त्यांच्या बायकोनं उघडलं आणि उघडून दारातच उभी राहिली. आत मास्तर खुर्चीवर बसले होते. आता कपडे डाव्या हातानं घालावे लागत. शर्टाचं एक बटण चुकलं होतं, त्यामुळे कॉलर एका बाजूनं वर आली होती. बाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

"तुम्ही एक नाव ठेवलंत, बाई," मास्तरांची बायको म्हणाली. "आता सगळा गाव नावं ठेवतोय."

"अगं, त्यांनी माझं नव्हतं ठेवलं," मास्तर म्हणाले. "आत घे त्यांना."

बाई आत गेल्या, पण बसल्या नाहीत. "माझं चुकलं," एवढंच त्यांना म्हणता आलं. मग म्हणाल्या, "मी दुसरी गोष्ट लिहिते. खरी काय ती. त्यात नाव पण दुसरं असेल."

मास्तर म्हणाले, "लिहा. पण हे नाव फार चांगलं जमलंय, बाई. दुसरं याच्यापुढे टिकेल असं वाटत नाही."

ते टोमणा मारत नव्हते. बाईंना टोमणा चालला असता.

बाईंनी गोष्ट लिहिली. त्यात जाळी होती, ढिली स्प्रिंग होती, ऑर्डर निघू द्या म्हणणारा मुकादम होता आणि सगळ्यांना हात सांभाळायला शिकवणारा एक म्हातारा मास्तर होता. कुणालाही न विचारता त्यांनी ती सकाळीच फळ्यावर लावली. दुपारच्या जेवणापर्यंत ती तिथे राहिली. मग साहेबांच्या शिपायानं येऊन टाचण्या काढल्या. तेवढ्या वेळात ज्यांना वाचायची होती त्यांनी वाचली होती. पॅकिंगमधला एकजण बाईंना भेटून अगदी मनापासून म्हणाला, "या वेळची गोष्ट काही तेवढी जमली नाही, बाई. तुमची ती गंमत नाही यात."

दुसऱ्याच दिवशी बाईंची बदली गोदामात झाली, खोक्यांवर चिठ्ठ्या डकवायला. गोष्टी आता ऑफिसातला नवा कारकून लिहितो. गाफीलराव त्यानं तसाच ठेवला आहे. आयतं नाव कोण सोडतं?

दिरानं नोकरी सोडली आणि भावाबरोबर ट्रकवर गेला. जाताना वाकून नमस्कार केला, नीट राहा म्हणाला, रागावलेला दिसला नाही. पण त्यानंतर तोही पाहुण्यासारखाच येतो. संध्याकाळी बाई भाजी चिरतात ती एकटीपुरती, आणि तोंडातून शब्द काढत नाहीत.

मास्तरांना कंपनीनं फाटकावर बसवलं. मोठं मन केल्यासारखं दाखवलं. एक हात धड असला तरी दांडा वर करता येतो. नव्यानं लागलेल्या पोरांनी त्यांना प्रेसवर कधी पाहिलेलंच नाही. ती सायकलची घंटी वाजवून ओरडतात, "गाफीलराव, फाटक!" आणि मास्तर दांडा उचलतात. पोरांच्या मनात काही नसतं. त्यातल्या काहींना तर ते त्यांचं आडनाव वाटतं.

बाई मात्र रोज सकाळी आत शिरताना थांबून म्हणायच्या, "येते हं, मास्तर." सुरुवातीला ते मान वर करून हसायचे. मग नुसती मान वर करायचे. एका सकाळी त्यांनी बाईंना जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, एक सांगू? मास्तर म्हणू नका."

"का?"

"पोरं विचारतात, कशाचे मास्तर म्हणून. मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं."

मागे टेम्पो हॉर्न वाजवत होता. मास्तर दांडा उचलायला वळले. बाई बाजूला झाल्या आणि टेम्पो गेल्यावर आत गेल्या. त्या दिवसापासून त्या त्यांना कोणत्याच नावानं हाक मारत नाहीत. मान हलवतात आणि गोदामाकडे चालायला लागतात.