अहो-जाहोची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. वह्या-पुस्तके बांधण्याच्या एका कारखान्यात भिंतीला टेकून उभी असते. सुताराने माझ्या पाठीवर वेल कोरली, वर मखमली गादी बसवली. पाहुणा आला की मलाच पुढे करत. माझा थाट काय सांगू!

समोर एक लांबलचक बाकडे. चरे पडलेले, खळीने माखलेले. जेवणाच्या सुट्टीत सगळे कामगार त्यावर दाटीवाटीने बसत आणि एकमेकांच्या डब्यात हात घालत. हसणे-खिदळणे सगळे तिकडेच. मी वरवर नाक मुरडायची, पण आतून जळून कोळसा व्हायची.

मग परगावाहून वह्या शिवायला एक शिवणारीण कामाला आली. तिची बोली वेगळी, एक गुडघा अधू. बाकडे ठेंगणे, म्हणून कागदांच्या घड्या घालणाऱ्या वहिनींनी तिला माझ्यावर बसवले. "अहो, तुम्ही बसा आरामात." मी हरखले. अखेर मलाही माझे माणूस मिळाले! बाकीच्यांत अगं-तुगं चाले, तिला मात्र कायम अहो-जाहो. ती भिंतीशी एकटीच जेवायची आणि मला वाटायचे, काय हा मान!

एका दुपारी ती वहिनींना म्हणाली, "मी सोमवारपासून येणार नाही."

"का हो? कोणी काही बोललं का?"

"कोणी काहीच बोलत नाही. सगळे पाहुणीसारखं वागवतात. पाहुणीनं राहायचं तरी किती दिवस?"

वहिनींनी हातातला घास डब्यात ठेवला. मग त्या बाकड्याकडे वळल्या. "सरका गं जरा. आणि तू, ऊठ तिथून. इकडे ये."

खळ लावणाऱ्या चिकटरावांनी बाकड्याच्या टोकावर पुठ्ठ्यांचा गठ्ठा रचला, तिच्या गुडघ्याला सोसेल इतका उंच. त्यावर चक्क माझी गादी काढून घातली. म्हणाले, "डबा सांभाळ हं. इथं सगळे चोर आहेत."

ती खळखळून हसली. माझ्यावर बसून ती एकदाही हसली नव्हती.

माझे माणूस गेले, गादीही गेली. सोमवारी ती आली, ती थेट बाकड्याकडे. माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. त्या चरे पडलेल्या बाकड्याचा मला आजही हेवा वाटतो. त्याच्यापाशी असे काय होते, जे माझ्यापाशी नव्हते? शेजारी सरकून बसणारे माणूस, दुसरे काय!

मित्रांनो, नव्या माणसाला खुर्ची जरूर द्या, पण ती भिंतीशी ठेवू नका. आणि जमले तर मलाही थोडे त्या बाकड्याकडे ओढा. चरे पडले तरी चालतील.