काठीनं बोलावलेलं पाणी

ओढ्याच्या दोन्ही काठांवर अख्खं गाव उभं होतं. आभाळ धुतल्यासारखं निळं, ढगाचा ठिपका नाही. ऊन असं की दगडावर हात ठेवला तर चटका बसावा. आणि खाली कोरड्या वाळूत काळा झगा घातलेला साधू, बंधू सेलेदोनियो, लोखंडी काठी रोवून ओरडत होता, "निघालं! डोंगराचं पोट फुटलं आणि पाणी निघालं! माझ्या काठीला तहान लागली आहे, भावांनो! जपमाळ ओढा, ती संपायच्या आत पाणी तुमच्या पायाशी येईल. नाही आलं तर मला याच वाळूत जिवंत गाडा!"

गाव जपमाळ ओढू लागलं. बंधू झगा सावरत काठावर चढला. माळेचे शेवटचे मणी बोटांखालून सरकत असताना वरच्या वळणावरून धडधड ऐकू आली. आधी धुळीचा लोट आला, मग लाकडं, गोटे आणि तांबडं पाणी गडगडत आलं. लोपेसचं वासरू वाळूत चुकून राहिलं होतं. ते एकदाच हंबरलं आणि दिसेनासं झालं. वासराकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. बायका रडत गुडघ्यांवर बसल्या आणि पुरुषांनी टोप्या काढल्या.

न्यू मेक्सिकोच्या उंच माळावरचं पिएद्रा सेका हे गाव तिसरा दुष्काळ सोसत होतं. डोंगरात पाऊस झाला की ओढा येतो, हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. पण गाव आणि डोंगर यांच्या मधे उंच पठार आडवं पसरलेलं, त्यामुळे डोंगर दिसायचाच नाही. शिवाय उन्हाळ्यात पठारावर सापांशिवाय कोण जातं? पावसाचा अंदाज गावानं कायम आपल्या डोक्यावरचं आभाळ बघूनच बांधला. ते निळं असताना पाणी आलं, म्हणजे ते बंधूनंच आणलं! हिशेब संपला, आणि त्याबरोबर अक्कलही.

शाळेच्या बाई रोसेंदा गर्दीच्या मागे उभ्या होत्या. पाणी येण्याच्या पुष्कळ आधी, बंधूनं काठी उचलण्याच्या ऐन क्षणाला, पठाराच्या कड्यावर काहीतरी लखलखलेलं त्यांनी बघितलं होतं. आदल्या खेपेलाही बघितलं होतं. तेव्हा फुटकी बाटली असेल म्हणून सोडून दिलं. आता मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"ओनोफ्रेकाका," त्या पाटकऱ्याला म्हणाल्या, "पेपरात हवामान खात्याचा अंदाज आलाय. ऑगस्ट संपेपर्यंत माळावर कोरडं, डोंगरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस. हा बाबा सकाळी कधी पाणी बोलावतो का? दुपारीच का?"

गावाच्या पाटाचं पाणी वाटणारा ओनोफ्रे हसला. "बाई, पेपरवाल्यांना आमचा माळ माहीत आहे का? कुठाय गडगडाट? मला तर माशीसुद्धा ऐकू येत नाही."

पण पोट चमत्कारानं भरत नाही. ओढा यायचा, खोल पात्रातून धावत निघून जायचा, आणि वरचा मका होता तसाच करपायचा. आठवडाभरात लोक कुरकुरू लागले, की बंधू, ओढ्यात कशाला, शेतात पाऊस पाड की! बंधूचं डोकं फिरलं. त्याच सुमारास रोसेंदांच्या सासूबाई, म्हाताऱ्या युफेमिया, चर्चच्या दारात सगळ्यांदेखत त्याला म्हणाल्या होत्या, "काय रे काठीवाल्या, माझ्या कोंबड्या खाऊन तुझं पोट फुटायची वेळ आली, ढगाचं कधी फुटायचं?"

लोक हसले होते. बंधू ते हसू विसरला नाही. पुढच्या प्रार्थनेत त्यानं डोळे पांढरे केले आणि थरथरत बोट दाखवलं. "पाऊस बांधून ठेवलाय! या गावातल्या एका विधवेनं गाठ मारून ठेवलाय! हिच्याच परसातली विहीर का आटत नाही, विचारा तिला!"

बस्स, एवढंच पुरलं. ज्या बायका त्याच विहिरीवरून रोज घागर भरून नेत होत्या, त्यांनीच युफेमियाच्या झिंज्या धरल्या. म्हातारीला चुलीपुढून ओढत आणली. तव्यावरची तोर्तिया, मक्याची भाकरी, जळून कोळसा झाली. रोसेंदा आडव्या पडल्या, तर कुणीतरी त्यांच्या बरगडीत फावड्याचा दांडा घातला. म्हातारीच्या तोंडावर गुद्दा बसला आणि तिचा पुढचा दात वाळूत पडला. ओढ्याच्या मधोमध खुंटा ठोकून म्हातारी त्याला आवळून बांधली.

"आज पाणी येईल," बंधू म्हणाला. "निर्दोष असेल तर ते हिला वळसा घालून जाईल. चेटकीण असेल तर घेऊन जाईल. मी कोण न्याय करणारा?"

रोसेंदा वाळूतून रांगत खुंट्यापाशी गेल्या. "आई, मी सोडवते तुम्हाला."

"अगं ए मास्तरीण," युफेमिया रक्त थुंकून म्हणाली, "दहाजण आहेत तुला धरायला, सोडवतेस कशी? लग्न झाल्यापासून मला शिकवत आलीस ना? आता जा, ह्या गाढवांना शिकव. जा लवकर!"

रोसेंदांना फरफटत बाहेर काढलं आणि ढकलून दिलं. त्या उठल्या आणि गावाकडे न जाता पठाराकडे धावत सुटल्या. बरगडीतून कळ येत होती. काटेरी झुडपांनी पोटऱ्या फाटल्या. पण रागानं माणूस चढतो तसं भीतीनंही चढत नाही, आणि रोसेंदा रागानं पेटल्या होत्या.

कड्यावर एका खडकाच्या सावलीत बंधूचा मेहुणा तिबुर्सियो बसला होता. शेजारी पाण्याची पिशवी, दारूची बाटली, आणि मांडीवर दाढीचा मोठा आरसा. त्याच्या समोर, पठाराच्या पल्याड, सगळा डोंगर उघडा पडला होता. शिखरांवर पांढऱ्या ढगांची डोकी वर निघाली होती. पाऊस अजून सुरू झाला नव्हता.

सगळं कोडं एका नजरेत सुटलं. डोंगरात पाऊस कोसळताना हा बघणार, आरसा चमकवणार, खाली बंधू काठी उचलणार. ते पाणी नागमोडी ओढ्यातून गावाला पोचेस्तोवर एक जपमाळ सहज ओढून होणार. हाच तो चमत्कार!

"किती वेळा चमकवतोस?" रोसेंदांनी विचारलं.

तिबुर्सियो दचकून उठला आणि त्यानं कमरेचा सुरा काढला. "मास्तरीणबाई, आली तशी परत जा. पोरांना मुळाक्षरं शिकव."

तो अंगावर आला. सुरा रोसेंदांच्या दंडातून फाडत गेला. त्यांनी हाताला लागला तो धोंडा उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो कोसळला तेव्हा त्यांनी दुसरा धोंडा त्याच्या डोक्यावर धरला. शाळेत पोरांवर कधी छडी न उगारलेल्या बाईचे हात कापत नव्हते, याचं त्यांनाच नवल वाटलं.

"तीनदा! तीनदा!" तो किंचाळला.

रोसेंदांनी आरसा आणि सुरा घेतला. नुसता आरसा पळवून भागणार नव्हतं. खुणेशिवाय पूर आला असता तर म्हातारी बांधलेलीच राहिली असती. खरा पूर यायच्या आधी खोटा पूर बोलवायला हवा होता, म्हणजे सगळ्या गावासमोर काठी खोटी पडेल. त्यांनी आरसा उन्हात धरून तीनदा फिरवला. खाली मुंगीएवढ्या दिसणाऱ्या बंधूनं तत्काळ काठी उचलली.

"घे," रोसेंदा दातओठ खात म्हणाल्या, "बोलाव आता!"

त्या उतरू लागल्या, म्हणजे अर्ध्या घसरतच आल्या. निम्म्या उतारावर होत्या तेव्हा पाठीमागे पहिला गडगडाट झाला. हातात होता तेवढाच वेळ, एका जपमाळेचा, आणि त्यातलाही आता सरत चाललेला.

ओढ्यावर एक माळ ओढून झाली होती, दुसरीही होत आली होती. वाळू कोरडीच. लोक एकमेकांकडे बघत होते. काठावर उभ्या बंधूच्या कपाळावर घाम आला होता.

"चेटकिणीनं अडवलं!" तो अचानक गरजला. "वाटेत अडवलं पाणी! मारा! तिची गाठ फोडा!"

पहिला दगड युफेमियाच्या खांद्याला लागला. दुसऱ्यानं भुवई फुटली. म्हातारी ओरडली नाही, फक्त दगड कोण मारतंय ते एकेकाकडे नीट बघत राहिली.

"ओनोफ्रेकाका!" काठावरच्या उंच खडकावरून रोसेंदा ओरडल्या. दंडापासून बोटांपर्यंत हात रक्तानं माखला होता. "दगड मारायचाच असेल तर मागाहून मारा. आधी माझ्या हातात काय आहे ते बघा. मग तुमच्या बाबाकडे बघा!"

बंधूची पाठ त्यांच्याकडे होती, आणि स्वतःच्याच गरजण्यात त्याला त्यांचं ओरडणं ऐकू गेलं नव्हतं. समोरच्या काठावरच्या चुनखडीच्या कड्यावर रोसेंदांनी कवडसा पाडला. एकदा, दोनदा, तीनदा. घाबरलेल्या माणसाला सवय वाचवते असं वाटतं, आणि तीच बुडवते. उजेड दिसताच बंधूनं काठी वर केली आणि आनंदानं बोंब ठोकली, "निघालं! निघालं! डोंगराचं पोट फुटलं!"

सगळं गाव खडकाकडे बघत होतं. एकटा तोच बघत नव्हता.

"कुणी पाठवलं पाणी, बंधू?" रोसेंदांनी विचारलं. "पुन्हा पाठवू? किती हवंय?" त्यांनी कवडसा त्याच्या तोंडावर मारला. "वर ह्याचा मेहुणा मोडका गुडघा धरून बसलाय. तो डोंगरातला पाऊस बघायचा आणि ह्याला खूण करायचा. काठी कसली, पाणी आधीच निघालेलं असायचं! मघाशी पाऊस पडत नसताना मी खूण केली. कुठाय पाणी?"

मग ओनोफ्रेच्या घशातून विचित्र आवाज निघाला, आणि गाव बंधूवर तुटून पडलं. फावडी, लाथा, त्याचीच लोखंडी काठी. त्याचा पाय मोडला. युफेमियाला सोडली आणि त्याच खुंट्याला, त्याच दोरानं त्याला करकचून बांधलं.

"सोडा त्याला!" रोसेंदा खाली धावल्या. "काठावर या सगळे! पाणी येतंय!"

"बाई, पुरे आता," ओनोफ्रे धापा टाकत म्हणाला. "त्याचं पाणी खोटं होतं, तुम्हीच सांगितलंत. वर बघा, आभाळ निळं आहे."

"त्याची काठी खोटी होती, काका. पाऊस खरा आहे! मी कानांनी ऐकून आलेय. तुमच्या डोक्यावरचं आभाळ सोडून दुसरं आभाळच नाही का जगात?"

लोक जागचे हलेनात. काल सगळं खरं मानणारे आज काहीच खरं मानायला तयार नव्हते. डोकं वापरायचं तेवढं राहून गेलं होतं.

तेव्हा युफेमियानं सुनेच्या हातातला सुरा ओढून घेतला आणि लंगडत खुंट्यापाशी गेली. "मला बांधणारे तुम्हीच," फुटक्या ओठांनी ती म्हणाली, "आणि ह्याला बांधणारेही तुम्हीच. हा लबाड आहे, मान्य. पण दगड ह्यानं एकही मारला नाही. ते हात कुणाचे होते रे, ओनोफ्रे?"

तिनं दोर कापला. बंधू चिखलातल्या बेडकासारखा तिच्या पायाशी पडला आणि रडू लागला. तिला तो उचलवेना. शेवटी ओनोफ्रेच मान खाली घालून पुढे झाला, आणि मग बाकीचे. बंधूला काठावर आणून टाकतात न टाकतात तोच वळणावर धूळ उठली. त्यामागून पाणी आलं, आजवर आलं त्याच्या दुप्पट. खुंटा काडीसारखा मोडून गेला. जिथे गाव उभं होतं तिथे पुरुषभर तांबडं पाणी घोंगावत होतं.

मग लोपेसची बायको हळूच गुडघ्यांवर बसली आणि तिनं रोसेंदांच्या फाटक्या झग्याची कड धरून कपाळाला लावली. "बाईंनी सांगितलं आणि आलं! बाईंच्या अंगात आहे!" शेजारणीही वाकल्या. एकानं टोपी काढली.

रोसेंदांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाणी आलं, आणि ते संतापाचं होतं. त्यांनी त्या बाईला दंडाला धरून उभी केली.

"ऊठ! माझ्या अंगात काही नाही, जखम आहे आणि ती दुखतेय. मी पठार चढले, पलीकडे बघितलं आणि परत आले. तुला पाय नाहीत? डोळे नाहीत? उद्यापासून दुपारी प्रत्येक घरातला एकेक माणूस पाळीपाळीनं वर जाईल. तुम्हीसुद्धा, ओनोफ्रेकाका. ढग दिसले तर खाली सांगा, दिसले नाहीत तर नाहीत म्हणून सांगा. कुणी बोलावून पाणी येत नाही आणि कुणी शाप देऊन थांबत नाही. पुढच्या वेळी कुणी येऊन सांगेल, अमक्या म्हातारीनं पाऊस बांधलाय, तर तिच्या झिंज्यांना हात लावायच्या आधी एवढं एकच विचारा, की तुला कसं कळलं?"

ओनोफ्रेनं हळूच विचारलं, "आणि त्याला सांगता आलं नाही तर?"

"तर त्याला घरी पाठवा," युफेमिया म्हणाली. "आणि मला माझा दात शोधून द्या, नालायकांनो."

कुणी हसलं नाही. ओनोफ्रेनं डोक्यावरची टोपी काढली, म्हातारीपुढे उभा राहिला, आणि पुष्कळ वेळ त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना.