श्वास घेणारा पेशंट

पूर्णिमा वाशिमहून पुण्यात एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करायला आली, ते २००२ साल होतं. भौतिकशास्त्र तिच्या डोक्यावरून जायचं. मशीनला हात लावायची वेळ आली की ती मागे सरकायची. फिल्म वाया गेली तर सगळ्यांदेखत बोलणी बसत.

तिला शिकवणाऱ्या शैला गायकवाड संध्याकाळी स्वारगेटजवळच्या क्लासला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकल्या होत्या. त्यांनी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर एक्स-रेचं मशीनच उभं केलं. माउसने करंट वाढवला की पडद्यावरची छाती काळी पडे, किरण सोडायचा वेळ घटवला की पांढुरकी. विभागप्रमुख रामदास सर म्हणाले, "छान. आता पेशंटही त्यातच अ‍ॅडमिट करा."

पूर्णिमा मात्र त्या प्रोग्रॅमला चिकटली. इथं कितीही चुकलं तरी काही वाया जात नव्हतं. करंट दुप्पट आणि वेळ निम्मा केला तरी चित्र तितकंच काळं येतं, हे तिचं तिला सापडलं तेव्हा ती एकटीच हसली.

मग हॉस्पिटलमधली ड्यूटी लागली. धायरीचे धोंडिबा छातीच्या फोटोसाठी आले होते. दमा जुना.

"आजोबा, श्वास रोखून धरा."

"धरवत न्हाई गं पोरी. दम लागलाय."

तिने शिकल्याप्रमाणे आकडे लावले, बटन दाबलं. फिल्म धुऊन आली तर बरगड्या पुसट, पाण्यातून पाहिल्यासारख्या. पूर्णिमाचा चेहरा उतरला. आजोबांना पुन्हा उभं करायचं, पुन्हा किरण द्यायचे, याचं तिला जास्त वाईट वाटलं.

ड्यूटीवर सोबत असलेल्या शैलाताईंनी फिल्म उजेडाला धरली. "चूक तुझी नाही. माझ्या पडद्यावरचा पेशंट श्वासच घेत नाही. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता काय करशील?"

पूर्णिमाने क्षणभर आजोबांच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे पाहिलं.

"वेळ पाव करते. करंट चौपट."

"मग कर."

या वेळी बरगड्या रेखीव आल्या. धोंडिबांनी विचारलं, "झालं का?" आणि सदऱ्याची बटनं लावत ते बाहेर बाकावर जाऊन बसले.

शनिवारी दोघी कॉम्प्युटरसमोर बसल्या. पडद्यावरची छाती हलायला लागली. वेळ जास्त ठेवला की चित्र फिसकटू लागलं. पूर्णिमा बराच वेळ बघत राहिली.

"मॅडम, याला खोकलाही देऊ या?"

"देऊ," शैलाताई म्हणाल्या. "आधी चहा घेऊ."